पाचवे चाक आणि आखूड हौदा

अमेरिकेच्या हमरस्त्यांवर चाकांचे घर ओढीत जाणारे पिकअप ट्रक आपण चित्रांत पाहिले असतील. यांतील एका प्रकारच्या घराला 'फिफ्थ व्हील' म्हणतात. जुन्या घोडागाडीत पुढचा आस वळावा म्हणून त्यावर एक आडवे चक्र बसवीत. चार चाकांवरचे ते पाचवे! आता ते काम ट्रकच्या हौद्यातील जोडणी करते. घराची खुंटी तीत अडकते, भार मागच्या आसावर येतो आणि ओढ स्थिर राहते.

अडचण येते ती आखूड हौद्याची. हौदा ८ फुटांऐवजी ५.५ ते ६.५ फुटांचाच असला, तर तीव्र वळणावर घराचा कोपरा केबिनवर आदळून मागची काच फुटू शकते. यावर उपाय म्हणजे सरकती जोडणी. अवघड वळणापूर्वी ती मागे घ्यावी. प्रवासाला लागण्यापूर्वी पुन्हा पुढे आणून पक्की करावी.

भाराचा हिशेब मात्र त्याहून महत्त्वाचा. घराच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा खुंटीवर येतो. १०,००० पौंडांच्या घराचे २,००० पौंड हौद्यात! त्यात जोडणीचे, सामानाचे व कुटुंबाचे वजन मिळवावे. ही बेरीज चालकाच्या दाराच्या चौकटीवर नोंदलेल्या मर्यादेत बसली, तरच निघावे. ओढण्याची ताकद निराळी, पेलण्याची निराळी.