दात पडल्याचं स्वप्न आणि घरातलं मरण

‘स्वप्नात दात पडला, आता घरात कुणाचं तरी बरंवाईट होणार.’ ब्रिटनमधल्या मराठी घरांतही हे अजून ऐकू येतं, आणि पाठोपाठ साताऱ्याला नाहीतर सांगलीला फोन जातो. परदेशी राहणाऱ्याला आईवडिलांचा घोर आधीच असतो. त्यात ही भर घालणाऱ्यांचा मला राग येतो.

या स्वप्नाचा अभ्यास झालेला आहे. इस्रायलमधल्या रोझेन आणि सोफर-डुडेक यांनी २०१८ साली विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांना अशी स्वप्नं जास्त पडत, त्यांचे दात, हिरड्या किंवा जबडा सकाळी उठल्यावर ताठरल्याची तक्रारही जास्त होती. मानसिक त्रासाशी मात्र संबंध दिसला नाही. एका पाहणीने सगळं ठरत नाही, हे मान्य. पण ‘दात पडणं म्हणजे आत्मविश्वास ढासळणं’ हा नवा अर्थ सांगणाऱ्यांकडे तेवढाही आधार नसतो. झोपेत दात खात असाल, तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा.

‘पण आमच्या काकूंचं स्वप्न खरं ठरलं!’ खरं ठरलेलं एक लक्षात राहतं, बाकीची दुपारपर्यंत विसरतात. ऑक्टोबर १९६६ मध्ये वेल्समधल्या ॲबरफॅन गावावर कोळसा खाणीच्या राडारोड्याचा डोंगर कोसळला. १४४ जण गेले, त्यांत ११६ मुलं होती. आपल्याला हे आधीच दिसलं होतं, असं नंतर कित्येकांनी कळवलं. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञ डॉ. जॉन बार्कर यांनी १९६७ पासून ‘ईव्हनिंग स्टँडर्ड’च्या साथीने अशी भाकितं घटनेआधीच नोंदवून घेतली. त्यांतली बहुतेक फोल ठरली. आधी लिहून ठेवा, मग बोला!

‘स्वप्नातल्या सापाचा अर्थ फ्रॉइडनेच सांगितलाय.’ स्वप्नांवरच्या आपल्या पुस्तकाच्या नंतरच्या आवृत्त्यांत त्यांनी ठरावीक प्रतीकं वाढवली, हे खरं. पण त्यांची मूळ रीत स्वप्न पाहणाऱ्यालाच विचारण्याची होती: यावरून तुम्हाला काय आठवतं? सर्पमित्राचा साप आणि सर्पदंशाने बाप गमावलेल्या माणसाचा साप एकच कसा असेल?

स्वप्नं कृष्णधवलच असतात? डंडी विद्यापीठातल्या इव्हा मर्झिन यांच्या २००८ च्या अभ्यासात तशी स्वप्नं मुख्यतः कृष्णधवल टीव्हीवर वाढलेल्या वयस्कांनी सांगितली.

स्वप्नात असताना ते स्वप्न आहे हे कळत नाही? १९७५ साली हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी झोपलेल्या ॲलन वर्स्ली यांनी ‘हे स्वप्न आहे’ असं कळल्यावर केलेली, आधी ठरलेली डोळ्यांची खूण यंत्रावर टिपली.

भयंकर स्वप्नांवर इलाज नाही? जागेपणी त्या स्वप्नाचा शेवट बदलून तो रोज मनात घोळवण्याचा उपचार आहे, आणि त्याने अनेकांना आराम पडतो. जीपीकडे त्याची चौकशी करा.