एकाच देशात, पण ताप वेगवेगळा

पुण्याजवळच्या वढू परिसरात आणि दिल्ली, कोलकाता, वेल्लोर या शहरांत २०१७ ते २०२० दरम्यान चोवीस हजारांवर मुलांच्या तापावर दर आठवड्याला लक्ष ठेवलं गेलं. ताप तीन दिवस टिकला, की रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातले जिवाणू वाढवून पाहण्याची चाचणी. निकाल चकित करणारा होता : वेल्लोरमध्ये दर लाख मुलांमागे वर्षाला १,१७३ टायफॉईडचे रुग्ण, तर ग्रामीण वढूत फक्त ३५.

टायफॉईडचा जिवाणू साल्मोनेला टायफी दूषित पाण्या-अन्नातून पोटात जातो, आतड्याची भिंत ओलांडून रक्तात शिरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या अंदाजानुसार तो वर्षाला सुमारे ९० लाख लोकांना गाठतो आणि १ लाख १० हजार बळी घेतो. आफ्रिकेत त्याचे भाऊबंद, म्हणजे टायफॉईड न करणारे साल्मोनेला, कुपोषित, मलेरियाग्रस्त बालकांच्या रक्तात शिरतात. त्यांच्यावर अजून लस नाही.

टायफॉईडवर मात्र आहे. सरकारी पातळीवर टायफॉईडची संयुग्म (कॉन्ज्युगेट) लस देण्याची जगातली पहिली मोहीम २०१८ साली नवी मुंबई महापालिकेने राबवली : नऊ महिने ते चौदा वर्षांच्या लाखाहून अधिक मुलांना एकेक डोस. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट आता टायफॉईड आणि त्याच्यासारखाच ताप आणणारा पॅराटायफॉईड-ए या दोन्हींवर एकच लस तपासत आहे.

टायफॉईड ओळखण्यासाठी केली जाणारी विडाल ही रक्तचाचणी स्वस्त, पण फसवी. जुन्या संसर्गानेही ती पॉझिटिव्ह येते. म्हणून ताप उतरत नसेल, तर प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्याआधी कल्चरबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. पाणी उकळून प्या आणि मुलांच्या लसीबाबत बालरोगतज्ज्ञांशी बोला.