रुपयाचा मुस्तफा

मेस्त्रींनी कागदावरचं चित्र आधी उभं धरलं, मग आडवं.

"हा देव्हारा की कपाट?"

"दोन्ही नाही. गेमची पेटी आहे," मास्तर म्हणाला.

कोकणात पेटी म्हटली की आंब्याची, नाहीतर भजनाची. मेस्त्रींनी चष्मा कपाळावर ढकलला. मग मास्तरने सांगितलं, पूर्वी स्टँडजवळ असायची ती, रुपया टाकून खेळायची. "ती होय!" मेस्त्री हसले. "माझ्या पोराला तिथून कान धरून आणलाय मी." आणि फळीवरचा भुसा फुंकून त्यांनी चित्र खिशात टाकलं. म्हणजे काम घेतलं.

मास्तर हा माझा शाळेपासूनचा मित्र. आता स्वतःच शाळेत शिकवतो. गेल्या वर्षभरात त्याच्या घराच्या पडवीत जी पेटी उभी राहिली, तिच्या बांधकामात पान्हा धरून द्यायला मी होतो. अशा पेट्या सध्या जगभर हौसेने घरोघर बांधल्या जातात. अमेरिकेत आर्केड-वन-अप या कंपनीने २०१८ पासून मूळच्या पाऊणपट उंचीच्या पेट्या थेट दुकानांतून विकायला काढल्या. आपल्याकडे मात्र सुतार, भंगारवाला आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड यांच्यावाचून गत्यंतर नाही.

नव्वदच्या दशकात रत्नागिरीत पार्लर म्हणजे केस कापायची जागा नव्हे, व्हिडिओ गेमची खोली. दाराला पडदा, आत काळोख, चार-पाच पेट्या, ओल्या छत्र्यांचा वास, आणि स्टुलावर मालक. पेट्या जपानी नव्हत्याच. इथल्याच सुताराने ठोकलेली प्लायवुडची चौकट, वर सनमायका, आत चक्क घरगुती टीव्हीची नळी. फक्त बोर्ड बाहेरचा, आणि तोही बहुधा नकली. 'स्ट्रीट फायटर टू' हा कॅपकॉमचा गेम १९९१ चा. त्याची एक बंडखोर नक्कल जगभर फिरत होती, तिच्यात खेळाडू हवेत उडी मारून तिथूनच आगीचे गोळे सोडायचा. आम्हाला तेच अस्सल वाटायचं. पुढे कधीतरी खरा गेम पाहिला तेव्हा तो अळणी लागला.

पण पार्लरचा राजा मुस्तफा. गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स', कॅपकॉमचाच, १९९३ चा. मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या 'झेनोझोइक टेल्स' या कॉमिकवरून बेतलेला. नायक जॅक टेनरेक. पण जॅकला कोण विचारतो! खेळायला मिळणाऱ्या चौघांतला पिवळ्या टोपीचा मुस्तफा सर्वांत चपळ, धावत जाऊन मारलेली त्याची लाथ अशी काही बसायची की अख्ख्या देशाने गेमचंच बारसं पुन्हा केलं. "मुस्तफा आला का तुमच्याकडे?" असं आम्ही विचारायचो, जसा काही तो एसटीने येणार होता.

गंमत अशी, की हा गेम घरगुती कन्सोलवर अधिकृतपणे कधी उतरलाच नाही. गोष्ट शुल्ट्झची, गाडीचं नाव जनरल मोटर्सचं, गेम कॅपकॉमचा, म्हणजे एका गेमचे मालक तीन. 'पॅक-मॅन' किंवा 'स्ट्रीट फायटर' आज कुणीही रीतसर विकत घेऊन फोनवरसुद्धा खेळू शकतो. मुस्तफा हवा असेल तर जुना बोर्ड शोधायचा. मास्तरच्या साऱ्या उपद्व्यापाचं मूळ इथे आहे.

बोर्ड मिळाला की तो कुठल्याही पेटीत बसतो, याचं श्रेय जपानी उत्पादकांच्या संघटनेला. त्यांनी १९८५ च्या सुमाराला एक सामाईक जोडणी ठरवून दिली. तिचं नाव जामा. बोर्डाच्या एका कडेला दोन्ही अंगांनी अठ्ठावीस-अठ्ठावीस असे छप्पन्न तांब्याचे दात. कुठल्या दातावर पाच व्होल्ट, कुठल्यावर लाल-हिरवा-निळा, कुठल्यावर नाण्याचा इशारा, कुठल्यावर दांडी डावीकडे वळल्याची खबर, सगळं ठरलेलं. पार्लरवाल्याला नवा गेम आणायचा तर पेटी बदलावी लागत नसे. जुना बोर्ड उपटायचा, नवा खोचायचा, बस. आमच्या गावात एका रात्रीत मुस्तफा कसा आला, हे कोडं मला चाळिशी ओलांडल्यावर सुटलं.

दांडीत तर काहीच नसतं. खाली चार बाजूंना चार मायक्रोस्विच. दांडी झुकली की एक दबतो, तिरकी झुकली की दोन. 'आडुकेन' म्हणून आम्ही जो ओरडा करायचो, तो आगीचा गोळा म्हणजे दांडी खाली, मग तिरकी, मग पुढे, आणि लगेच बुक्कीचं बटण. बोटांना हे अजून आठवतं. बटणांसाठी तीस मिलिमीटरची भोकं लागतात. मेस्त्रींनी सनमायकावर आधी चिकटपट्टी लावली, मग होल सॉ चालवला, म्हणून कडा फुटल्या नाहीत. पहिलं बटण खटकन बसलं तेव्हा त्यांनी ते दहा-बारा वेळा दाबून पाहिलं. "आवाज बरा आहे हो," म्हणाले.

ज्यांना बोर्डाच्या नादी लागायचं नाही त्यांच्यासाठी सोपी वाट आहे. इटलीच्या निकोला साल्मोरियाने फेब्रुवारी १९९७ मध्ये 'मेम' नावाचा प्रोग्राम प्रसिद्ध केला. जुन्या बोर्डावरच्या चिपा जशा वागायच्या, तसं संगणकाला वागायला लावणारा. हेतू खेळण्यापेक्षा जतनाचा होता. पुढे २०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा स्वस्त संगणक आला आणि पेटीत कोंबायला बरोबर मापाचा मेंदू मिळाला. आज हौशींच्या अनेक पेट्यांत तोच असतो. गेमच्या फायली मात्र कुणाच्या तरी मालकीच्या असतात, तीस वर्षं झाली म्हणून त्या फुकट होत नाहीत, हेही सांगून ठेवतो.

मास्तरला ही वाट पसंत नव्हती. आधी त्याने करून पाहिली, नाही असं नाही. पाय घेतला, सपाट टीव्ही जोडला, आणि दोन दिवस खेळून म्हणाला, "मुस्तफा उशिरा लाथ मारतोय." मला वाटलं याचंच वय झालं. पण त्याचं खरं होतं. सपाट टीव्ही आलेलं चित्र आधी साठवतो, ताणतो, गुळगुळीत करतो आणि मग दाखवतो. सेकंदाला साठ चित्रं धावणाऱ्या गेममध्ये दोन-चार चित्रांचा उशीर म्हणजे समोरच्याचा ठोसा आधी बसणार. टीव्हीतली 'गेम मोड' नावाची सोय हा उशीर कमी करते, संपवत नाही. जुन्या काचेच्या नळीत साठवणूकच नसते. बोर्डाने रंग सोडला की तो त्याच क्षणी काचेवर.

चित्राचंही तसंच. कॅपकॉमच्या त्या बोर्डांचं चित्र ३८४ ठिपके रुंद आणि २२४ ओळी उंच, एवढंच. नळीवर त्या ओळींच्या मधे बारीक काळ्या फटी राहतात आणि ठिपके एकमेकांत थोडे पाझरतात. चित्रकारांनी तो पाझर गृहीत धरूनच चित्रं काढली होती. सपाट पडद्यावर मुस्तफा विटांचा बनवल्यासारखा दिसतो, नळीवर माणूस.

आता ही नळी आणायची कुठून? औरंगाबादच्या व्हिडिओकॉनने २००५ मध्ये थॉमसन या फ्रेंच कंपनीचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला होता, सपाट पडदे दाराशी येऊन उभे असताना. पुढे सपाट पडदेच जिंकले. नळ्या आता नव्याने बनत नाहीत, भंगारात मिळतील तेवढ्याच. मास्तरला एकवीस इंची टीव्ही साळवी स्टॉपकडच्या एका घराच्या माळ्यावर मिळाला, वर आमसुलं वाळत घातलेली. टीव्ही दुरुस्तीच्या जुन्या जाणत्या काकांनी तो उघडला, पण आधी आम्हाला हातभर लांब उभं केलं. नळीच्या पाठीवरच्या रबरी टोपीखाली वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो बराच वेळ तिथे दबा धरून बसतो. काकांनी नळीच्या ग्राउंडच्या तारेला जोडलेला स्क्रू-ड्रायव्हर टोपीखाली सरकवला. 'टच्च' असा आवाज झाला. "आता हात लावा," म्हणाले. हा भाग यूट्यूबवर बघून करायचा नाही.

देशावरच्या हौशाला जो त्रास होत नाही तो आमच्याकडे होतो. खारा वारा आणि चार महिने पाऊस. जामाच्या तांब्याच्या दातांवर हिरवट पापुद्रा धरतो आणि एके सकाळी मुस्तफा फक्त डावीकडे चालतो. उपाय शाळेच्या दप्तरातला: पेन्सिलीचं खोडरबर. दातांवर हलकेच घासायचं, मग स्पिरिटचा बोळा फिरवायचा. प्लायवुड साधं घेतलं तर श्रावणापर्यंत फुगून दार लागेनासं होतं, म्हणून मेस्त्रींनी आय.एस. ७१० चा शिक्का असलेलं मरीन प्लायच आणायला लावलं. मागच्या बाजूला बारीक जाळी ठोकली ती पालींसाठी. उबेला पाल येते, पॉवर सप्लायवर झोपते आणि दोघंही जातात. वळिवाच्या विजा चमकायला लागल्या की मास्तर वर्गातून घरी फोन करतो, "पेटीचा प्लग काढ."

बोर्डांचीही उमर असते. कॅपकॉमने नक्कल रोखण्यासाठी १९९३ पासूनच्या आपल्या पुढच्या पिढीच्या बोर्डांत एक बॅटरी बसवली होती. गेम उलगडायची किल्ली त्या बॅटरीच्या जिवावर स्मृतीत टिकायची. बॅटरी मेली की किल्ली पुसली गेली, बोर्ड मुका. हौशी लोक तिला सरळ आत्मघाती बॅटरी म्हणतात. ही किल्ली पुढे हौशींनीच शोधून काढली आणि कितीतरी मेलेले बोर्ड उठून बसले. चोरांना अडवायला लावलेलं कुलूप शेवटी मालाच्याच मुळावर आलं, आणि ते फोडणाऱ्यांनी माल वाचवला. कायद्याच्या वहीत हे कुठल्या पानावर लिहायचं?

पेटी उभी राहिली, चालू झाली, आणि आठवड्याभरात आम्हाला कंटाळा आला.

हे मी लपवत नाही. मास्तरने नाण्याच्या जागी एक बटण लावलं होतं. दाबलं की एक डाव. मेलात, दाबा. पुन्हा मेलात, पुन्हा दाबा. एका रविवारी आम्ही पहिल्या पातळीपासून शेवटपर्यंत गेलो. लहानपणी ज्या राक्षसाचं तोंडही पाहिलं नव्हतं त्याला मारून टाकलं आणि चहा प्यायला उठलो. काहीच वाटलं नाही. या गेमांचा सगळा हिशेबच नाण्यावर होता. खेळाडू दोन-चार मिनिटांत मरावा, पण 'आणखी एक रुपया असता तर' असं वाटूनच मरावा. अवघडपणा किती ठेवायचा हे मालक बोर्डावरच्या बारीक स्विचांनी, नाहीतर गुप्त मेनूतून ठरवायचा. १९७२ साली कॅलिफोर्नियातल्या एका बारमध्ये 'पाँग'ची पहिली पेटी ठेवली, ती काही दिवसांत बंद पडली. ती बनवणारा अल अल्कॉर्न दुरुस्तीला गेला, त्याने उघडून पाहिलं तर नाण्यांचा डबा गच्च भरून वाहत होता. जपानात 'स्पेस इन्व्हेडर्स'मुळे शंभर येनच्या नाण्यांचा दुष्काळ पडला असंही सांगतात. ती दंतकथा आहे, पण पडायचीच तर याच धंद्यात पडणार.

आमच्या रुपयालाही मोल होतं. एक रुपया म्हणजे पायी घरी जाणं. म्हणून तो वाचवायच्या शंभर युक्त्या. नाण्याला भोक पाडून दोरा बांधायचा. गॅसचा लायटर नाण्याच्या फटीशी कटकट वाजवायचा, ठिणगीने यंत्र फसलं तर फुकट डाव. मालकाला कळलं तर पाठीत धपाटा. जो चांगला खेळतो त्याच्या मागे दहा जण, आणि त्याचा रुपया संपेपर्यंत कुणी श्वास सोडायचं नाही.

तेव्हा मास्तरने नाण्याचं यंत्र मागवलं. त्यात एक नमुन्याचं नाणं कायमचं अडकवून ठेवतात. आत तारेची वेटोळी असतात. वरून पडणाऱ्या नाण्याचा त्यांच्यावर होणारा परिणाम नमुन्याशी जुळला तर नाणं आत, नाही तर खालच्या वाटीत परत. मास्तरने नमुना म्हणून हट्टाने आपल्या वेळचा रुपया लावला, १९९२ पासून निघालेला पोलादी, पंचवीस मिलिमीटरचा. घरात तसे पाच-सहाच निघाले. हल्लीचा रुपया त्याहून लहान, तो खळकन परत येतो. मग वहिनीने कंटाळून पाकिटातलं दोनचं नाणं टाकलं, आणि यंत्राने ते मुकाट गिळलं. २०११ च्या मालिकेतलं दोन रुपयांचं नाणं जुन्या रुपयाच्याच मापाचं आहे. व्यास तोच, वजनही तेच, चार पूर्णांक पंच्याऐंशी ग्रॅम. तीस वर्षांत मुस्तफा फक्त दुप्पट महागला. एवढी स्वस्ताई दुसऱ्या कशात दाखवा!

गणपतीला मास्तरचे भाचे ठाण्याहून आले. पहिल्या दिवशी प्रत्येकाला पाच नाणी दिली, पुढे आपापली. दुसऱ्या दिवशी पडवीत रांग होती. धाकटा भाचा तिसऱ्या पातळीवर मेला, पडद्यावर दहापासून उलटे आकडे सुरू झाले, आणि तो चप्पल न घालता स्वयंपाकघरापर्यंत धावला. "मामी, दोन रुपये, लवकर!" मामीच्या हाताला मोदकाची उकड. तिने मानेनेच डब्याकडे खूण केली. तो परत आला तेव्हा आकडा एकवर होता.

डब्याची किल्ली वहिनीकडेच असते. रिक्षाला सुट्टे लागले की ती पेटी उघडते.