गेटा: जर्मन भाषा गेली, नाश्ता उरला

ज्यांना कानात इअरफोन घालण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लेखी स्वरूपात. आजचा विषय एक नाश्ता. शाकाहारी मंडळींनो, लगेच टॅब बंद करू नका, गोष्ट फक्त मांसाची नाहीये.

पदार्थाचं नाव गेटा. इंग्रजी स्पेलिंग बघून मी ते ‘गोएटा’ वाचलं होतं. कामानिमित्त काही आठवडे अमेरिकेत सिनसिनाटीला होतो. तिथल्या एका छोट्या हॉटेलात मेन्यूवर बोट ठेवून मी ऑर्डर दिली, आणि वाढणाऱ्या बाईंनी हसून उच्चार सुधारला. मग प्लेट आली. अंड्याशेजारी दोन तपकिरी, चौकोनी वड्या. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ. आणि मला आठवली चक्क कोथिंबीर वडी!

चव अर्थातच वेगळी. पण कृतीची चाल तीच: शिजवा, थापा, गार करा, कापा, तळा. गेटात पोर्क असतं, बरेचदा त्यात बीफही. सोबत कांदा, तमालपत्र, मीठ, मिरी आणि पिनहेड ओट्स. म्हणजे ओट्सच्या अख्ख्या दाण्याचे दोन-तीन तुकडे, आपल्या गव्हाच्या दलियासारखे. आपण दूध घालून खातो ते चपटे ओट्स इथे चालत नाहीत, त्यांचा गिचका होतो. हे सगळं मंद आचेवर दोन-तीन तास, सतत ढवळत शिजवायचं. चमचा उभा राहील इतकं घट्ट झालं की साच्यात ओतून रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी काप काढून तव्यावर परतायचे. घाई करून लवकर उलटलं, की मोडलंच.

आता प्रश्न असा, की मांसात धान्य घालायचंच कशाला? उत्तर सोपं आहे. मांस महाग, माणसं जास्त. थोड्या मांसात मूठभर धान्य घातलं की सगळ्या घराला पुरतं. वायव्य जर्मनीतल्या शेतकऱ्यांची ही जुनी युक्ती. ब्रेमेन शहराच्या आसपास आजही ‘क्निप’ नावाचा ओट्स आणि पोर्कचा असाच पदार्थ खातात.

एकोणिसाव्या शतकात तिथली हजारो माणसं सिनसिनाटीत आली. हे शहर तेव्हा डुकराच्या मांसाच्या धंद्यासाठी इतकं प्रसिद्ध होतं, की त्याला ‘पोर्कोपोलिस’ म्हणायचे. कत्तलखान्यांतून स्वस्तातले तुकडे मिळायचे, त्यात ओट्स पडले आणि गेटा झाला. शहराच्या मधून एक कालवा जायचा. त्याच्या पलीकडे जर्मन वस्ती, म्हणून लोक गमतीनं कालव्याला ऱ्हाइन नदी म्हणू लागले. वस्तीचं नाव पडलं ‘ओव्हर द ऱ्हाइन’, म्हणजे ऱ्हाइनपल्याड. कालवा बुजला, नाव अजून तेच आहे.

पेनसिल्व्हेनियात जर्मनांनी मक्याचं पीठ वापरलं, त्याचं स्क्रॅपल झालं. नॉर्थ कॅरोलायनात काळीज आणि मका, ते लिव्हरमश. एकाच कोडचे तीन फोर्क म्हणा ना!

इथून पुढे गोष्ट गंभीर होते. सिनसिनाटीच्या सरकारी शाळांत १८४० पासून इंग्रजीबरोबर जर्मनही शिकवत होते. मग पहिलं महायुद्ध आलं. अमेरिका जर्मनीविरुद्ध उतरली आणि १९१८ मध्ये शहरातल्या रस्त्यांची जर्मन नावं पुसली गेली. जर्मन स्ट्रीटचा इंग्लिश स्ट्रीट झाला, ब्रेमेन स्ट्रीटचा रिपब्लिक स्ट्रीट. १९१९ मध्ये ओहायो राज्यानं आठवीच्या खालच्या वर्गांत जर्मन शिकवायला कायद्यानंच बंदी घातली. १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं असे कायदे रद्द केले, पण तोपर्यंत घराघरात आईबाप मुलांशी इंग्रजीत बोलायला लागले होते.

गेटाला मात्र कुणी हात लावला नाही. चुलीवर काय शिजतंय, ते पाटीवर थोडंच लिहिलेलं असतं? १९४६ मध्ये नदीपलीकडच्या कोव्हिंग्टन गावात ग्लायर्स नावाची कंपनी निघाली. आज ती वर्षाला १० लाख पौंडांच्या आसपास गेटा बनवते, आणि तो जवळपास सगळा त्याच भागात खपतो. दर उन्हाळ्यात गेटाची जत्राही भरते.

माझ्या टीममधला एक जण तिथलाच. त्याची आजी दर हिवाळ्यात घरी गेटा करायची. मी विचारलं, “जर्मन येतं?” तो म्हणाला, “फक्त गेटा.”

आपण सहज म्हणतो, खाणं टिकलं की संस्कृती टिकते. गेटानं मला दाखवलं की ते अर्धंच खरं आहे. पदार्थ भाषेशिवाय मजेत जगतो. माझी भाची परदेशात वाढतेय. “ती मराठी बोलत नाही, पण थालीपीठ आवडीनं खाते,” असं मीच कौतुकानं सांगायचो. आता व्हिडिओ कॉलवर तिच्याशी मराठीतच बोलतो. ती वैतागते, “मामा, इंग्लिश प्लीज!” म्हणते. मी ऐकत नाही. परवा तिनं पहिल्यांदा “थांब ना” म्हटलं.

तुमच्या घरात कुठला पदार्थ उरलाय, ज्याची भाषा गेली? व्हॉइस नोट पाठवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!