कॅरल राउंड म्हणजे नक्की काय?

नमस्कार मंडळी! आमच्यात चर्चच्या लोकांनाही 'मंडळी'च म्हणतात, बरं का. मित्र नेहमी विचारतात, नाताळात तुम्ही रात्री घरोघरी का फिरता?

तर ऐका. नाताळाआधी आमचा तरुण संघ पेटी, ढोलकी, गिटार घेऊन निघतो. प्रत्येक घरी दोन गाणी, एक प्रार्थना, मग चहा-करंज्या. गाणी इंग्रजीच असतात असं नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची (१८६१-१९१९) मराठी गीतं आजही चर्चमध्ये गातात. घरचे पाकिटात देणगी देतात, आमच्याकडे ती गरजूंसाठी वापरतात.

मी पडलो इंजिनिअर! एका वर्षी शीटवर रूटच बनवला, घरामागे १५ मिनिटं. तरी उशीर झाला, म्हणून शेवटचं घर गाळलं. चौथा मजला, लिफ्ट नाही, आजी एकट्याच. रविवारी उपासनेनंतर त्या एवढंच म्हणाल्या, "बाळा, दोन वाजेपर्यंत दिवा चालू ठेवला होता रे."

तेव्हा कळलं, गाणी हे निमित्त. खरं काम म्हणजे प्रत्येकाचं दार वाजवून बघणं, सगळे बरे आहेत ना.

शीट अजूनही मीच बनवतो. पहिलं घर आजींचं.