चेहऱ्यावरील लाली व यकृतांतील विकर

कोरियांत वडीलधाऱ्यांनीं पुढें केलेला मद्याचा पेला दोन्ही हातांनीं स्वीकारणें हा शिष्टाचार समजला जातो. परंतु एकाच पंक्तीस बसलेल्या मंडळींपैकीं कांहींचा चेहरा पहिल्याच पेल्यानें लालबुंद होतो, छाती धडधडूं लागते व मळमळतें. सोबती याला संवयीचा अभाव समजून हसतात. वस्तुतः या लालीचें कारण जन्मजात आहे.

मद्य पोटांत गेल्यावर यकृतांत त्याचें प्रथम अॅसिटाल्डिहाइड या विषारी द्रव्यांत रूपांतर होतें. तें विष निरुपद्रवी करण्याचें काम मुख्यतः एका विकराकडे असतें. विकर म्हणजे शरीरांतील रासायनिक क्रिया घडवून आणणारें प्रथिन. हें विकर चार कड्यांचें बनलेलें असतें. कडीची घडण ठरविणाऱ्या जनुकांत एका अक्षराएवढा फरक पडला कीं कडी सदोष निघते. कोरियन लोकांत शेंकडा सुमारें ३० जणांना असें सदोष जनुक आईकडून किंवा वडिलांकडून, क्वचित् दोघांकडूनहि, मिळालेलें असतें.

एकाकडूनच दोष आला तर निम्मी शक्ति तरी उरेल, असें कोणास वाटेल. परंतु हिशेब तसा नाहीं. निम्म्या कड्या सदोष असतां चारहि निर्दोष कड्या एकत्र येण्याचा योग १६ वेळांत एकदांच. आणि एक सदोष कडीहि इतरांचें बळ खचविते. म्हणून शक्ति निम्म्याहून पुष्कळ खालीं जाते व विष रक्तांत रेंगाळतें.

दोघांकडून दोष आलेला मनुष्य त्रासामुळें बहुधा मद्यापासून दूरच राहतो. एकाकडून आलेला मात्र सरावानें पिऊं लागतो. विकर त्यानें सुधारत नाहीं. उलट अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. मद्यपानामुळें शरीरांत उत्पन्न होणारें अॅसिटाल्डिहाइड कर्करोगास कारण होतें, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००९ सालीं दिला.

यावरून कोरियन शरीर विषनिवारणांत दुबळें ठरत नाहीं. क्षयावरील आयसोनियाझिड या औषधाचा निचरा करणारें विकर निराळें आहे. तें मंद असलेले लोक युरोपांत सुमारें निम्मे, तर कोरियांत सुमारें १० त १. अशा मंद विकराच्या रोग्यांच्या यकृतास त्या औषधानें इजा होण्याचा संभव अधिक. प्रत्येक लोकसमूहाचा जमाखर्च असा निराळा असतो, आणि समूहांतील प्रत्येक व्यक्तीचाहि.

तेव्हां पंक्तींत कोणाचा चेहरा लाल झाला, तर ती शरीरानें वेळींच दिलेली सूचना समजावी, आणि पेला नम्रपणें परत करणाऱ्यास पुन्हां आग्रह करूं नये.