सालबाईचा तह : दिलेला शब्द आणि पदरात पडलेली शांतता

आपण कुरुदला, भिलाईत राहणारी मराठी माणसं पेशवाईचा इतिहास पुण्याचा म्हणून वाचतो. पण त्याचा एक धागा आपल्या छत्तीसगडातून जातो. रतनपूरला तेव्हा बिंबाजी भोसले होते आणि नागपूर-कटक ही भोसल्यांची नेहमीची वाट होती. १७७९ च्या दसऱ्याला मुधोजी भोसल्यांनी आपल्या मुलाला सुमारे तीस हजारांची फौज देऊन कटककडे पाठवलं. तिथून बंगालवर चाल करायची, असं पुण्याच्या नाना फडणवीसांशी ठरलं होतं. ही फौज कटकला पोहोचली दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात, आणि तिथेच रेंगाळली. कारण मुधोजींचं कलकत्त्याच्या वॉरन हेस्टिंग्जशी आतून बोलणं चालू होतं. इंग्रजांकडून लाखो रुपये मिळाले आणि बंगालची स्वारी राहून गेली.

ही स्वारी नानांच्या एका मोठ्या मसलतीचा भाग होती. नारायणरावांच्या खुनानंतर रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, गादीसाठी इंग्रजांकडे गेले आणि १७७५ मध्ये इंग्रज-मराठा युद्ध सुरू झालं. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांना शरण यावं लागलं, तरी युद्ध संपलं नाही. तेव्हा नानांनी पुणे, नागपूर, हैदराबादचा निजाम आणि म्हैसूरचा हैदरअली अशी चौघांची जूट बांधली. कोणीही इंग्रजांशी परस्पर तह करायचा नाही, हा तिचा कणा. हैदर तर मराठ्यांचा जुना वैरी! त्याला सोबत घेण्यासाठी कृष्णेच्या दक्षिणेचा मुलूख त्याच्याकडे राहू द्यायचं नानांनी कबूल केलं. म्हणजे या ध्येयाच्या पायातही सौदा होताच.

निजाम लवकरच गार पडला, भोसल्यांचं वर सांगितलंच. शब्द पाळला तो हैदरने. १७८० च्या पावसाळ्यात तो कर्नाटकात उतरला आणि सप्टेंबरमध्ये पोलिलूरला त्याने इंग्रजांची एक अख्खी तुकडी बुडवली.

इकडे उत्तरेत महादजी शिंद्यांची कोंडी झाली होती. ऑगस्ट १७८० मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला इंग्रजांनी रात्री शिड्या लावून घेतला. पुढच्या वर्षी माळव्यात त्यांच्या छावणीवर छापा पडला. डिसेंबरमध्ये वसई गेलीच होती. आपलं घरच जळत असताना महादजींनी पुण्याच्या मसलतीसाठी किती दिवस लढायचं? इंग्रजही थकले होते. अमेरिका, फ्रान्स, स्पेन, हॉलंड सगळ्यांशी त्यांची लढाई चालू होती आणि कर्नाटकात हैदर होता. ऑक्टोबर १७८१ मध्ये महादजींनी आधी स्वतःपुरता समेट केला आणि मग मध्यस्थी पत्करली. १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळच्या सालबाईला तह झाला.

वसई आणि १७७६ च्या पुरंदरच्या तहानंतर इंग्रजांनी घेतलेला मुलूख परत मिळाला. साष्टी मात्र गेली ती गेलीच. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून जिंकलेली ही भूमी सोडताना पुण्यात काय वाटलं असेल! भडोच महादजींना मिळालं. राघोबादादांना दरमहा पंचवीस हजारांचं वेतन ठरलं. ते कोपरगावला राहायला गेले आणि १७८३ च्या डिसेंबरात तिथेच वारले. ज्यांच्यासाठी सात वर्षं रक्त सांडलं, त्यांचा प्रश्न एका नेमणुकीत मिटला.

काटेरी कलम वेगळंच होतं. हैदरने इंग्रज आणि अर्काटच्या नबाबाकडून घेतलेला मुलूख सहा महिन्यांत परत करावा, आणि हे त्याच्याकडून पेशव्यांनी करवून घ्यावं. जो मित्र अजून मैदानात लढत होता, त्यालाच माघार घ्यायला लावायचं!

हेस्टिंग्जने जून महिन्यातच मंजुरी दिली. नानांनी मात्र मोहोर रोखून धरली. त्यांना हट्टी म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. तह पक्का नाही तोवर इंग्रजांवर दाब राहतो आणि हैदरला दिलेला शब्दही पुरता मोडत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. हैदरकडून कृष्णेकाठचा मुलूख परत काढता आला तर पाहावा, हाही हिशेब त्यात होता. नाना साधू नव्हते. पण ७ डिसेंबर १७८२ ला हैदर वारला आणि ती आशाच संपली. त्याच महिन्यात नानांनी तह मान्य केला.

असले प्रसंग जगात इतरत्रही घडले. १९१९ मध्ये व्हर्सायला अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन न्याय्य शांततेची भाषा घेऊन आले. राष्ट्रसंघ उभा राहावा, जपान त्यातून बाहेर पडू नये, म्हणून त्यांनी शांतुंगमधले जर्मनीचे हक्क जपानला जाऊ दिले. शांतुंग चीनचा, आणि चीन तर त्यांच्याच बाजूने युद्धात उतरला होता. चीनने तहावर सही केली नाही.

महादजी चुकले का? त्या तहानंतर इंग्रज-मराठ्यांत वीस वर्षं युद्ध झालं नाही. पुण्यातल्या आठ वर्षांच्या सवाई माधवरावांची गादी टिकली, महादजी दिल्लीच्या राजकारणात सर्वेसर्वा झाले. रयतेला तेवढी वर्षं श्वास घेता आला, ही काही लहान गोष्ट नव्हे. मी त्या जागी असते तर बहुधा सहीच केली असती. पण चौघांची जूट पुन्हा कधी बांधता आली नाही. पुढे टिपूवर इंग्रज चालून गेले तेव्हा पुणे त्यांच्या बाजूला होतं, आणि १७९९ मध्ये म्हैसूरची ती सत्ता संपली.

डिसेंबर १८०२ च्या अखेरीस राघोबादादांच्याच मुलाने, दुसऱ्या बाजीरावांनी, इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. तो तह झाला वसईला, सालबाईत परत मिळवलेल्या त्याच वसईला. दुसऱ्या वर्षी शिंदे आणि नागपूरकर भोसले लढले, तेव्हा दक्षिणेतून इंग्रजांना अडवणारं कोणी उरलं नव्हतं. १७ डिसेंबर १८०३ ला देवगावच्या तहात भोसल्यांनी वऱ्हाडचा वर्धेपलीकडचा भाग सोडला, आणि कटक प्रांतही, जिथे त्यांची फौज १७८० मध्ये थांबून राहिली होती.